बारा घमेली पांढरी माती

तारीख सोळा फेब्रुवारी, रविवार, सकाळचे साडेआठ. रक्कम पंधराशे रुपये, काम झाल्यावर द्यायची. हजर चौघे: मी, माझी मुलगी, शेजारच्या मावशी आणि त्यांची सून. ठरलं ते असं की मावशींच्या मागच्या खोलीच्या तीन भिंतींवरचा पांढऱ्या मातीचा थर आम्ही खरडून न्यायचा, आणि पाडव्याच्या आत त्या भिंती पुन्हा पोतारून, म्हणजे पांढऱ्या मातीने सारवून, द्यायच्या किंवा पोतारण्याचे पैसे द्यायचे. मावशींनी पैसे पत्करले. आम्ही पोतारलेली भिंत त्यांच्या डोळ्यांना चालली नसती.

मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करतो. चोवीस वर्षं झाली. दुसऱ्यांच्या हद्दी मोजून मोजून मला एक सवय लागली आहे की आकडा लिहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट झाली असं वाटत नाही. म्हणून हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. पण ज्या आकड्याकडे आधी पाहायला हवं होतं त्याकडे मी सगळ्यात शेवटी पाहिलं, आणि त्यापायी तीन आठवडे गेले.

गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमचं पावणेदोन एकर शेत आहे. आदल्या उन्हाळ्यात तिथे विहीर खणली. वरची काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड. सत्तावीस फुटांवर दगड संपला आणि मऊ माती लागली, हिरवट पांढरी, अडीच फूट जाडीची. तिच्याखाली पुन्हा काळा दगड. खणणारे म्हणाले, लागते अशी कधी कधी. बेचाळीस फुटांवर पाणी लागलं, आम्ही खूश झालो, आणि वरपासून खालपर्यंत काँक्रीटचं बांधकाम करून घेतलं. त्यात ती माती कायमची झाकली गेली.

काढलेली माती बांधावर पडली होती. आमच्याकडे बाया दसऱ्याच्या आधी आणि पाडव्याच्या आधी घर पोतारतात, आणि चांगली पांढरी माती आता कुठे मिळत नाही. दुसऱ्याच दिवशी चार घरच्या बाया घमेली घेऊन आल्या. कोणी किती नेली यावरून पुढे वाद नको म्हणून मी वहीत लिहून ठेवलं. मावशींची बारा घमेली, बाकी तीन घरांची मिळून एकोणीस. उरलेला ढीग बांधावर पसरला, त्यावर पावसाळा गेला, आणि तो काळ्या मातीत मिसळला.

मुलगी तेव्हा भूशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी आली होती. तिने त्या मातीतली दोन किलो पिशवीत भरून नेली. कारण विचारलं तर म्हणाली, यात तळ्यातल्या गोगलगायींचे शंख दिसतात, म्हणजे लाव्हारसाचा एक लोट येऊन थंड झाला, मग इथे तळं झालं, आणि नंतर पुन्हा लाव्हा आला. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासची गोष्ट. मी म्हटलं, बरं.

डिसेंबरात तिचा फोन आला. त्या दोन किलोत तिला एक दाढ सापडली होती. दोन मिलिमीटरहून लहान, एक कोपरा फुटलेला. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिली. किडे आणि फळं खाणारा, झाडावर राहणारा एखादा लहान प्राणी असू शकतो, वानरांच्या घराण्याच्या फार जुन्या नातेवाइकांपैकी असू शकतो, नसूही शकतो. एका फुटक्या दाढेवर काही बोलता येत नाही. त्याच थरातली आणखी माती आणली, त्यातून आणखी काही निघालं, तर मार्चअखेरच्या समितीपुढे पीएच.डी.चा विषय म्हणून मांडू. नाही निघालं तर यंदा जागा दुसऱ्याला.

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. एम.एस्सी. झाल्यावर मीच तिला एक वर्ष दिलं होतं. वर्षात पीएच.डी.चं जमलं तर ठीक, नाहीतर बँकेच्या परीक्षा. ती पंचवीस वर्षांची, तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि पगार चार चार महिने येत नव्हता. मी कठोर होतो असं मला तेव्हा वाटलं नाही. ते वर्ष मार्चअखेर संपत होतं.

ती घरी आली तेव्हा मी वही काढली. माती कुठे आहे याचा दुसरा कागद कोणाकडेच नव्हता. आम्ही चारही घरी गेलो. एका घरी चुली लिंपल्या होत्या, माती भाजून वीट झालेली. दुसऱ्या घरी शेण आणि कुटार, म्हणजे भुसा, मिसळून गोठ्याला लावली होती, ती पावसात वाहून गेली. तिसऱ्यांनी दिवाळीनंतर भिंत पाडून फरशी बसवली, मातीचा भराव रस्त्यात गेला. उरल्या मावशी. त्यांच्या मागच्या खोलीला नुसती पांढरी माती दिली होती, शेण न घालता, आणि तिथे पाऊस पोचत नव्हता.

मावशींचं घर वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर लावणाऱ्यांचं. त्यांचा मुलगा पहाटे माल घेऊन बाजारात जातो. मावशी बाजेवर बसून आम्ही भिंत कशी खरडतो ते पाहत होत्या.

"भाऊ, लोक भित लिपाचे पैसे देतात. तुमी खरडाचे देऊन राह्यले."

"हिला विचारा, मावशी. मी मजूर आहे."

मुलगी खुरप्याने वरचा हिरवट थर तेवढा काढत होती. खालचे जुने थर पिवळसर होते, ते दुसऱ्या कुठल्या मातीचे, ते मिसळले की सगळं वाया. थर नखाएवढा जाड. खाली ताडपत्री. मान वर करून दोन तास खरडलं की खांदे सुटतात. मी बावन्न वर्षांचा आहे.

"पोरी, काय पायतं तू ह्याच्यात?"

"दात पाहतो, आजी. लहान जनावराचा."

"केवढं जनावर?"

"उंदराएवढं."

"मंग तो उंदीरच असन."

"उंदीर नाही. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे राह्यतात, अन ते कुरतडते. याच्या दाढेवर टेंगळं हाये, किडे फोडाले अन फळ चिरडाले. असे प्राणी झाडावर राहत. नंतरच्या खऱ्या वानरांमध्ये नख्या जाऊन नखं आली, पायाचा अंगठा फांदी धराले वेगळा झाला, डोळे समोर आले. पण ते सगळं हळू हळू झालं. सुरुवातीचं हाड सापडत नाही, दातच सापडतात. दात टणक राह्यते म्हणून."

"म्हंजे आमची वांगी खाते त्या वानराचा आजा."

"आजा नाही म्हणता येत. आजाचा चुलतभाऊ असू शकते."

"असू शकते म्हंजे? नक्की नाही?"

"नाही."

"मंग माही भित काऊन खरडून राह्यली व माय?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मुलगीही हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आठवड्यापूर्वी डोंगरातून वानरं उतरून वांग्याच्या तीन ओळी उपटून गेली होती.

"तुया ह्या दातानं ते येनं बंद होतीन का?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी."

"तरी म्या विचारून पायलं."

त्या दिवशी तीन भिंतींची मिळून एकतीस किलो माती निघाली. मी वजनकाट्यावर तोलली आणि लिहिली. वाळवायची, ड्रममध्ये दोन दिवस भिजवायची, मग एकावर एक ठेवलेल्या तीन चाळण्यांतून पाणी सोडत धुवायची. सगळ्यात खालच्या चाळणीचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरचं. चिखल वाहून जातो, कण राहतात. ते कण वाळवून चमचा चमचा काळ्या थाळीत पसरायचे आणि भिंगाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक बाजूला सारायचा. कॉलेजातून उसना आणलेला सूक्ष्मदर्शक एकच होता, तो मुलीकडे. माझ्याकडे भिंग. आम्ही ओट्यावर बसत असू. मी कार्यालयातून साडेसहाला येई, ती तोवर बसलेलीच असे. तिची आई चहा ठेवून जाई आणि काही विचारत नसे, आणि त्या न विचारण्याचंही ओझं होई.

या कामाचा थकवा वेगळा आहे. मोजणीला गेलो की ऊन असतं, भांडणं असतात, पण संध्याकाळी हद्द कायम झालेली असते. इथे चमचा संपतो आणि हाती काही नसतं. आणि काही नाही हेसुद्धा लिहावं लागतं. भिंतीच्या मातीचे मी एकशे चार चमचे लिहिले. त्यात गोगलगायीचा चुरा, भुसकट, केस, रंगाचा एक पापुद्रा. दात एकही नाही. माशाचासुद्धा नाही, आणि पहिल्या दोन किलोत तर माशांचे अकरा निघाले होते.

मधल्या काळात मुलगी मला सांगत असे, कदाचित मी झोपू नये म्हणून. गुजरातेत लिग्नाइटच्या खाणीत खऱ्या आदिम वानरांचे जबडे आणि दात मिळाले आहेत, साडेपाच कोटी वर्षांच्या जवळपासचे. हाताच्या तळव्यावर मावतील असे प्राणी. इथल्या लाव्हाच्या मधल्या मातीतून दक्षिणेकडे काही ठिकाणी त्याहून जुने, झाडावर चढणारे छोटे प्राणी निघाले आहेत, पण ते वानरांच्या घराण्यातले की नाही यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आणि त्या काळात आपला हा सगळा भूभाग आशियाला चिकटलेलाच नव्हता, समुद्रातून एकटा उत्तरेला सरकत होता. मग ती वानरं याच्यावर बसून आली, की जोडणी झाल्यावर तिकडून उतरली, हा प्रश्न.

"म्हणजे मधल्या एक कोटी वर्षांचा काही कागद नाही," मी म्हटलं.

"जवळजवळ नाही."

"आणि तू तो आपल्या विहिरीत शोधते."

"मले फक्त एक दाढ सापडली, बाबा. मी कुठं म्हटलं कागद सापडला."

एखाद्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नोंद सापडली नाही तर लोक माझ्या टेबलावर हात आपटतात. इथे कोटीच्या कोटी वर्षं कोरी आहेत आणि ज्यांचं हे काम ते शांतपणे "माहीत नाही" म्हणतात. त्यांचा मला हेवा वाटला. पण मार्च लागला होता.

आठ मार्चच्या शनिवारी मुलगी म्हणाली, "बाबा, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म निघाला का पाहा." काही तरी करायचं म्हणून मी वही उघडली, आणि पहिल्यांदा वरच्या पानावरचा आकडा नीट पाहिला. मावशी, बारा घमेली. आमच्या घमेल्यात ती माती चौदा किलो मावते. विहिरीच्या वेळी मीच तोलून पाहिली होती. म्हणजे एकशे अडुसष्ट किलो. भिंतीवरून निघाली एकतीस. एकशे सदतीस किलोचा हिशेब लागत नव्हता, आणि मी तीन आठवडे चमचे मोजत बसलो होतो. एक गुंठा कमी भरला तर शेतकरी माझ्यावर ओरडतो. हा तर पाच हिश्श्यांतले चार हिस्से माल.

लगेच मावशींकडे गेलो. सून अंगणात भांडी घासत होती.

"सूनबाई, ती माती सगळी भिंतीला लावली होती का?"

"सगळी कशी लावीन, दादा? नुसती लावली तर हाताले टोचते. टाक्यात भिजवली, ढवळली, वरचं वरचं दुधासारखं पानी तेवढं घेतलं. त्याचेच तीन हात दिले. खालचा गाळ, खडे, ते कायच्या कामाचं?"

"मग ते कुठं गेलं?"

तिने हाताने मागे दाखवलं. "धुन्याच्या दगडाखाली टाकलं. तिथं चिखल होऊन राह्यला व्हता."

मुलगी माझ्या मागे उभी होती. तिने कपाळाला हात लावला आणि तशीच ओट्यावर बसली. ती हसते आहे की रडते आहे हे मला एक क्षण कळलं नाही.

"काय झालं व?" सून घाबरली.

"काही नाही, काकू. तुम्ही केलं तेच मी करत होतो. मी तळ ठेवतो अन पाणी सांडतो. तुम्ही पाणी ठेवलं अन तळ सांडला."

पोतारण्याची ती रीत आमच्या घरातही आहे. माझी आई तशीच करी, बायको तशीच करते. बारीक माती भिंतीला जाते, जाड तळाशी बसतं. मला ते माहीत होतं आणि सुचलं नाही. दात जड असतो, तो भिंतीवर कधीच जाणार नव्हता.

धुण्याचा दगड मोठा, चार बाय तीन फुटांचा. तो हलवायला दोन मजूर आणले, प्रत्येकी तीनशे रुपये. दगडाखाली आधी काळा साबणाचा चिखल, मग बटणं, एक चमचा, नाण्यांचे साडेचार रुपये. ते मावशींनी उचलून कमरेला लावले. चिखलाखाली चार बोटं जाडीचा हिरवट पांढरा थर. खुरप्याने वरचा काळा भाग टाकत टाकत चौसष्ट किलो माल निघाला.

मी तीन दिवसांची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर घरगुती काम लिहिलं. शेतातल्या विहिरीवर मोटर लावून धुतलं. ज्या पाण्यासाठी तो थर झाकला त्याच पाण्याने. पाठ आखडली होती, बोटांच्या पेरांची सालं निघाली. धुऊन, वाळवून सव्वादोन किलो कण उरले.

धुळवडीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, एकसष्टाव्या चमच्यात, मुलीने ब्रश थांबवला. मला बोलावलं नाही. मीच उठून गेलो. भिंगातून एक दाढ दिसली, पहिलीसारखीच टेंगळं, या वेळी पूर्ण. सत्त्याऐंशीव्या चमच्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान एक हाड. ती म्हणाली, पायाच्या घोट्यातलं असावं. घोट्याचं हाड सापडलं तर पाऊल किती वळत होतं, खोडावरून उतरता येत होतं का, हे कळतं. दातावरून प्राणी काय खायचा ते कळतं, हाडावरून तो कुठे राहायचा. तिने ते सांगितलं तेव्हा तिचा आवाज फार खाली होता. मी लिहिलं: दाढ एक, हाड एक, माशांचे दात त्रेचाळीस.

चोवीस तारखेला शेगावहून गाडी धरून आम्ही विद्यापीठात गेलो. मला जायची गरज नव्हती. मॅडमनी डबी उघडली, बराच वेळ पाहिलं, मग मुलीला विचारलं, "हे थरातूनच आलं याची खात्री?"

मुलीने सगळं सांगितलं. टाकं, दगड, साबण, बटणं. काहीही झाकलं नाही. मी बाजूला बसून होतो आणि मला मनातून वाटत होतं की साबणाचं तरी सांगू नये.

मॅडम म्हणाल्या, "मग हे शोधनिबंधात घेता येणार नाही. जागेवरून काढलेलं नाही. हे वानरांच्या घराण्यातलं आहे असंही मी म्हणणार नाही. घोटा वळणारा दिसतो, म्हणजे झाडावर चढणारा असावा, एवढंच."

मुलगी म्हणाली, "हो मॅडम."

"पण तिथे थर आहे आणि त्यात हे आहे, एवढं तर दिसतं. डोंगराच्या कडेला, एखाद्या नाल्यात तो उघडा पडला असेल. तो वर्षात शोधून, मोजून, जागेवरून माती काढायची. या अटीवर मी विषय मांडते."

समितीने अठ्ठावीस तारखेला अटीसह विषय मंजूर केला. मुलीने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी मोजणीवर होतो, एका बांधावर, दोन भाऊ दोन बाजूंना उभे. मी "बरं" म्हटलं. आनंद झाला, पण आधी हिशेब आला मनात: आणखी एक वर्ष, नाल्यांतून चालणं, पोती, ड्रम, चमचे. आणि शिष्यवृत्तीचं अजून काही ठरलेलं नाही. बँकेच्या परीक्षेचा विषय मात्र मी काढला नाही, आणि यापुढे काढणार नाही, असं तिच्या आईला त्या रात्री जेवताना सांगितलं.

एकोणतीस तारखेला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, मावशींकडे पैसे द्यायला गेलो. सून मागच्या खोलीची तिसरी भिंत पोतारत होती. माती संग्रामपूरच्या बाजारातून विकत आणलेली, पिवळट. मावशी बाजेवर.

"भेटलं का पोरीले?" त्यांनी विचारलं.

"विषय भेटला, मावशी. वानर आहे की नाही ते अजून ठरायचं आहे."

"येवढं खरडून बी?"

"हाव."

मी पंधराशे पुढे केले. मावशींनी हात मागे घेतला आणि भिंतीकडे हनुवटी केली. "म्या तं बसून व्हते. तिले द्या. दोनदा तिनंच लिपली." दगडाखालच्या मातीचे वेगळे काही द्यायचे का, असं विचारलं तर म्हणाल्या, कचऱ्याचे पैसे घेतले तर लोक हसतीन.

एकंदर दिले एकवीसशे. सहाशे दगड हलवणाऱ्या दोघांना, आठ तारखेलाच. पंधराशे सुनेला, तिचे हात मातीने भरले होते म्हणून तिने खिडकीत ठेवायला सांगितले, ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर वाटी ठेवली.